कुंकू लागलेली मशीन

“मॅडम, माह्या आईची मशीन माह्या आईले वापस केव्हा देता?”

असं मी माइकमध्ये विचारलं आणि मंडपातले पंखे एकदम ऐकू यायला लागले. पंखे सकाळपासूनच फिरत होते, पण आत्तापर्यंत त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वाक्य मी मनात घोकून घोकून पाठ केलं होतं, तेही शाळेच्या भाषेत. माझ्या आईची मशीन माझ्या आईला परत केव्हा देणार. ऐनवेळी तोंडातून घरचंच निघालं. मागच्या रांगेत काजल खुसखुसली. पैज तिनं आणि पूनमनं लावली होती. स्वागतगीत गाऊन आम्ही स्टेजवरून खाली उतरलो तेव्हा मी दोघींच्या कानात सांगितलं, की स्टेजवर कापडाखाली जी मशीन झाकून ठेवली आहे ती आमची आहे, आणि बाजूच्या टेबलावर जी हातमशीन मांडली आहे तीसुद्धा आमचीच.

“तं इचार ना मंग,” काजल म्हणाली. “घरी म्हशीपुढं लय भाषणं ठोकते.”

“नाई इचारत हे,” पूनम म्हणाली. “ताईनं नुसते डोळे वटारले का बसते खाली.”

“इचारलं तं माही सायकल सुट्टीभर तुही.”

काजलची सायकल नवी आहे, गिअरची आहे आणि ती कोणाला हात लावू देत नाही. पण सायकल नसती तरी मी विचारलं असतं. नववीपर्यंत मी वर्गात उभं राहून “हजर” म्हणायलाही लाजायची. यंदा माझ्यात काय शिरलं कोण जाणे, हात वर केल्याशिवाय बसवतच नाही. “कोणाला काही विचारायचं आहे का?” असं कार्यक्रम चालवणारी रुपालीताई माइकवर म्हणाली आणि माझा हात वर गेला. तिनंच तर शिकवलं होतं तसं करायला.

पाहुण्या मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात हनुवटीखाली जोडले. “किती गोड बोलते ही,” त्या म्हणाल्या. “ही भाषा जपली पाहिजे हं आपण.” आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून स्टेजवरच्यांनी वाजवल्या, त्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्या मंडपानं वाजवल्या.

माझ्या प्रश्नाला टाळ्या मिळाल्या. आता उत्तर मिळेल म्हणून मी माइक धरून उभी राहिले.

तोपर्यंत या मशिनींचं सांगते.

हातमशीन पहिली. ती आईच्या वडिलांनी खामगावहून आणून दिलेली. हिरवी, वजनाला भारी, लाकडी बाकाच्या कडेला स्क्रूनं आवळून बसवायची. वरून पिठाचा गोळा घालायचा आणि दांडा फिरवला की खालून शेवया. आमच्या बाकाच्या कडेला तिच्या स्क्रूच्या दोन खोल खळग्या पडल्या आहेत. लहानपणी मी त्यांत चिंचोके ठेवून खेळायची. मशीन कधी आडवी ठेवायची नाही, हा आईचा नियम. आडवी ठेवली की दांडा वाकतो, आणि वाकलेल्या दांड्यानं खांदा जातो.

होळी झाली की आमच्या अंगणात रीघ लागायची. बाया घरी गहू ओलवून, वाळवून, दळून आणत. रव्याचा डबा डोक्यावर, पाण्याची कॅन हातात. आमच्या भागातलं बोअरचं पाणी खारं, त्यात मळलं की शेवया लाल पडतात, म्हणून गोडं पाणी जिचं तिनं आणायचं. आई मळायची, आई दांडा फिरवायची, मी खालून शेवया दोन्ही हातांवर झेलून काठीवर टाकायची. दोन बाजांच्या मध्ये काठ्या, काठ्यांवर शेवया, शेवयांखालून मांजर जाऊ नये म्हणून झुंबरआजी राखणीला. झुंबरआजी आमच्या शेजारची, दात नाहीत, पण सगळ्या गावाच्या शेवया तीच चाखून पास करते.

“कलीच्या हातची शेवई शिजल्यावरबी उभी राह्यते,” ती म्हणायची. “बाकीच्याइची लोळते.”

कली म्हणजे माझी आई, कलाबाई. ती काही फार बोलणारी नाही. बाबा, म्हणजे गोकुळ, भाजीपाला लावतात, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाजारात भाव पाडून मागितला की तेही फार बोलत नाहीत. घरात बोलायचं काम माझ्याकडे आहे. पण आईची एक पिशवी आहे, शेवयांच्या मजुरीची, ती बाबांनीही कधी उघडली नाही. माझं दप्तर, माझा चष्मा, शाळेची सहल, सगळं त्या पिशवीतून आलं. “शेवयावाली कला कोणतं घर?” असं विचारत वरवट बकालच्या पलीकडून बाया येत. बाबांना कोणी विचारलं की तेही हसून म्हणत, “शेवयावालीचा नवरा.”

मग रुपालीताई आली.

जिल्ह्याच्या गावी एक केंद्र आहे, छोटे धंदे करणाऱ्या बायांना आधार देणारं. आम्ही सगळे त्याला नुसतं केंद्र म्हणतो. रुपालीताई केंद्राची आमच्या भागातली बाई. माहेर तिचं रोहिणखेडचं. स्कूटी, पाठीवर बॅग, गॉगल, आणि बोलणं असं की ऐकतच राहावं. बायांची बैठक झाली की ती आम्हा मुलींना वेगळी जमवायची. “घाबरायचं नाही. विचारायचं. जिला विचारता येतं तिला कोणी फसवू शकत नाही,” असं म्हणायची. आरशासमोर बोलून सराव करा असं ती म्हणाली, तर आमच्या घरी आरसा बाबांच्या दाढीपुरता. मी म्हशीसमोर सराव केला. म्हैस रवंथ करत ऐकते आणि मध्ये मध्ये मान हलवते, आरशापेक्षा बरं. त्याच सरावावर मी तालुक्याच्या भाषणस्पर्धेत पहिली आले. रुपालीताईनं मला कडेवर उचललं, एवढी मोठी असून. त्या दिवशी मी ठरवलं की मोठेपणी गॉगल लावायचा.

संक्रांत झाली आणि ती आईसाठी विजेवरची मशीन घेऊन आली. गाडीतून चकचकीत मशीन उतरली तेव्हा अर्धं गाव आमच्या अंगणात. मोटर, वर मोठं भांडं, बटण दाबलं की झालं. आई तिला हात लावायला धजत नव्हती. मग तिनं ओलं फडकं घेतलं आणि पूजेआधी म्हणून मशीन पुसायला लागली. फडकं लाल झालं. तिनं बादलीत पिळलं, पुन्हा पुसलं, पुन्हा लाल. स्क्रूंच्या खाचांमधून, मोटरच्या कडांमधून कुंकू निघत होतं.

“दुकानदारानं दसऱ्याले पुजली असन,” आई म्हणाली.

“असनच,” झुंबरआजी म्हणाली. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. बादलीतलं लाल पाणी आईनं कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं.

मग आईनं तेलात कुंकू कालवून पाच बोटं मोटरवर उमटवली. नारळ फुटला, फीत कापली, फोटो निघाले. गर्दीत मी वरच्या भांड्याच्या खालच्या बाजूला काजलच्या जांभळ्या नेलपॉलिशनं एक इवलंसं फूल काढलं. का काढलं? आनंद झाला म्हणून.

“आता या जुन्या मशीनची गरज नाही, ताई,” रुपालीताई म्हणाली. “ती आम्ही प्रदर्शनात ठेवू. काल आणि आज असा विषय आहे. तुमच्या नावाची पाटी लावू तिच्यापुढे.”

आईनं हातमशीन स्वतः धुऊन, पुसून, दांड्याला तेल लावून दिली. गाडीवाल्यानं ती मागे फेकल्यासारखी ठेवली तर आई गाडीपर्यंत धावत गेली. “आडवी नोका ठेवू, भाऊ, दांडा वाकते.”

नवीन मशीनवर आईनं एकाच घरच्या शेवया काढल्या, आमच्याच. पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा आली. मोटरची तपासणी राहिली आहे, तपासून लगेच आणून देतो. आईनं मशीनवर चादर टाकून दिली, धूळ बसू नये म्हणून. चादरसुद्धा आली नाही परत.

होळी झाली. बाया रव्याचे डबे घेऊन आल्या, आई म्हणाली, “येऊन राह्यली मशीन, चार रोज थांबा.” थांबल्या बिचाऱ्या. मग एकेक करून दुसरीकडे, वरवटच्या चक्कीवर शेवया काढून घ्यायला जायला लागल्या. जाताना आमच्या दारावरून जायचं टाळत, मागच्या बोळीतून जात. आईला ते दिसायचं. फोन केला की रुपालीताई म्हणायची, “ताई, प्रक्रियेत आहे.” आईला वाटलं प्रक्रिया हे गावाचं नाव आहे की काय, इतक्या वेळा मशीन तिथंच असायची. हे बाबांनी म्हटलं, आई हसली नाही. ती दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला जायला लागली. तिच्या बोटांच्या पेरांत काळं बसलं आणि पोळीला कांद्याचा वास यायला लागला.

आणि तरी केंद्राच्या मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा ती गेली. यशस्वी उद्योजिका म्हणून तिचा सत्कार होता. मेळावा आमच्याच शाळेच्या मैदानावर. आम्हा मुलींना स्वागतगीताला आणि मागच्या खुर्च्या भरायला बोलावलेलं. सर म्हणाले की मागची रांग रिकामी दिसली तर फोटो खराब येतो.

गाताना मी स्टेजच्या कडेला होते. वाऱ्यानं कापड उडालं आणि मला भांड्याच्या खाली माझं जांभळं फूल दिसलं. त्याच्याखाली मोटरवर आईची पाच बोटं, आणि त्या बोटांच्या बाजूला आणखी कोणाची तरी पाच बोटं, जरा ताजी. माझा सूर चुकला. पेटीवाल्या बाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मला मात्र बादलीतलं लाल पाणी आठवत होतं. दसऱ्याचं नव्हतंच ते. आमच्या आधी कोणत्या तरी आईनं असाच नारळ फोडला होता, तिच्या आधी आणखी कोणी, आमच्या नंतरही कोणी, आणि आज मशीन वरवटच्या बायांना द्यायची होती, आता त्यांचा नंबर.

तर मी माइक धरून उभी होते.

रुपालीताईनं दुसरा माइक घेतला. “प्रेरणा आमचीच विद्यार्थिनी,” ती हसून म्हणाली. “धीट आहे. तिचा थोडा गैरसमज झालाय. तिच्या आई इथेच आहेत, त्याच सांगतील.”

आई स्टेजवर शेवटच्या खुर्चीत, लग्नातली हिरवी साडी, मांडीवर शाल आणि नारळ. रुपालीताई तिच्या खुर्चीमागे माइकची वायर सरळ करायला वाकली. वायर सरळच होती. तिचे ओठ हलले. मग आईच्या हातात माइक आला.

मला वाटलं, आता. आता आई सांगेल. फडक्याचं सांगेल, चादरीचं सांगेल, कांद्याचं सांगेल. आणि मी शपथेवर सांगते, मला तेव्हा इतका अभिमान वाटत होता की मी माइक तिच्याच दिशेनं पुढे धरला.

आईनं माझ्याकडे पाहिलं. एसटी सुटताना खिडकीतून पाहतात तसं.

“मशीन माह्या घरी हाये,” ती म्हणाली. “चांगली चालते. हातमशीन म्या खुशीनं देल्ली प्रदर्शनाले.” मांडीवरचा नारळ तिनं सरळ केला. “पोरगी ल्हान हाये. तिले समजलं नाई.”

मागे कोणी तरी हसलं. सरांनी हातानं खूण केली, बस. मी बसले. काजलनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मी तो झटकला. स्टेजवर कापड ओढलं गेलं, पाहुण्या मॅडमनी आईच्या पाच बोटांवर आपलं एक बोट टेकवलं, आणि कॅमेरे चमकले. त्यांच्या बोटाला कुंकू जास्त लागलं तर रुपालीताईनं पटकन रुमाल पुढे केला.

कार्यक्रम संपल्यावर मी तिला स्कूटीपाशी गाठलं.

“ताई, ती आमची मशीन होती. मी खूण केलेली होती तिच्यावर.”

“प्रेरणा, प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते.” तिनं गॉगल लावला. त्यात मला माझं तोंड दोनदा दिसलं.

“तुम्हीच तर म्हटलं होतं विचारायचं म्हणून.”

“ते मी स्पर्धेसाठी शिकवलं होतं गं,” ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात, खरंच वाईट वाटल्यासारखं. “मशिनी केंद्राकडे जेवढ्या आहेत तेवढ्याच आहेत. गावं किती आहेत बघ. मला पण वर उत्तरं द्यावी लागतात. तू मोठी झालीस की कळेल.” मग स्कूटी सुरू करता करता एकदम आनंदी होऊन म्हणाली, “उद्या सकाळी तयार राहा हं. जीप बरोबर दारात येईल.”

उद्या म्हणजे शिबिर. जिल्ह्यातल्या निवडक मुलींचं, बुलडाण्याला, राहायचं. माझं नाव रुपालीताईनंच पाठवलं होतं. गेले पंधरा दिवस मी घरात दुसरं काही बोलले नव्हते. म्हशीलासुद्धा माहीत होतं.

आई आणि मी ऑटोनं परत आलो. मध्ये दोन बाया आणि एक बकरी होती, म्हणून बोलावं लागलं नाही.

बाबा ओसरीत वांगी निवडत बसले होते. “काय व, माइकवाली,” ते म्हणाले. “व्हिडिओ आला ग्रुपवर. मशीन आली म्हणते घरी. मले काऊन दिसून नाई राह्यली?”

आईनं शाल खुंटीला टांगली, नारळ देवापुढे ठेवला आणि चुलीकडे गेली. मी तिच्या मागे जाणार एवढ्यात दारातून आवाज आला.

“कले, आवं कले. आली व मशीन? शेजारी राहून मले सांगतलं नाई?”

झुंबरआजी. डोक्यावर रव्याचा डबा, हातात पाण्याची कॅन, घामानं भिजलेली. वरवटच्या चक्कीवर न जाता इतके दिवस थांबलेली ती एकटीच होती. “पूनमच्या मायच्या मोबाईलमंधी आयकलं म्या. तूच तं सांगतलं माइकात. रईवारी नातजावई येऊन राह्यले, आमरसासंग शेवया पायजे. म्हटलं देवानंच आयकलं.”

बाबांच्या हातातलं वांगं हातातच राहिलं. मी आईकडे पाहिलं. आता तरी सांग, मी मनात म्हटलं. इथं पाहुण्या मॅडम नाहीत, माइक नाही.

आईनं पुढे होऊन आजीच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेतला. “ठेवून जा, आत्याबाई.”

“मी येतो ना सकाऊन हात लावाले. मशीनबी पाह्यतो.”

“नोका येऊ. मी करून घरी आणून देतो.”

“बारीक काढजो व. मशीनची बारीक निंगते म्हणते.” आजी दाराबाहेर गेली आणि परत आली. “तुही पोरगी काऊन म्हणे मशीन नाई म्हणून? याड लागलं का तिले?” माझ्या गालाला हात लावून ती हसली, दात नसलेलं, आणि गेली.

डबा घराच्या मधोमध राहिला. आई बाकापाशी गेली, बाक ओढून भिंतीपासून पुढे घेतला आणि फडक्यानं पुसायला लागली. त्या दोन खळग्या बोटानं साफ केल्या, जसं काही आत्ता मशीन बसवायची आहे.

“कायनं काढशीन?” मी विचारलं.

“हातानं वळीन. माही आजी वळे पाटावर.”

“यवढा रवा?”

“रात आहे ना.”

“तू काऊन खोटं बोलली, आई?” माझा आवाज माइकातल्यापेक्षा मोठा निघाला. “सगळ्याइच्या समोर मले याडं ठरवलं.”

“हळू बोल,” बाबा म्हणाले.

“काऊन हळू बोलू? तुमाले माहीत आहे का, ते मशीन आपल्या आधीबी गावोगाव फिरली हाये. फोटो काढते अन् उचलते. मले आज समजलं.”

आई बाक पुसतच होती. “मले त्याच दिवशी समजलं होतं,” ती म्हणाली. “फडकं पिळलं तवा. एका दसऱ्याचं कुंकू यवढं नसते, प्रेरणा.”

बाहेर म्हैस ओरडली. तिची वैरणीची वेळ झाली होती, कोणी उठलं नाही.

“मंग तवाच बोलली काऊन नाई?”

“मले वाटलं, इतक्या घरी नसन थांबली, आपल्या घरी थांबन.” ती बाकावर बसली. “अन् हातमशीन गेली का मंग बोलाले तोंडच नाई राह्यलं. आपल्या हातानं धुऊन देल्ली म्या.”

“अन् आज?”

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली आणि वांगी पुन्हा निवडायला लागले, किडकं चांगल्यात आणि चांगलं किडक्यात टाकत.

“रुपाली वाकली होती खुर्चीमागं,” आई म्हणाली. “म्हणे, ताई, प्रेरणाचं नाव मीच पाठवलं हाये. यवढंच म्हणे, दुसरं काई नाई.”

“मंग?”

“मंग का. मले समजलं.”

खुंटीला माझी बॅग लटकत होती, निळी, पूनमच्या भावाकडून मागून आणलेली. आईनं कालच भरून ठेवली होती. इस्त्री केलेले दोन ड्रेस, नवीन चप्पल खोक्यासकट, वर डब्यात शंकरपाळे. त्या शंकरपाळ्यांनाही कांद्याचा थोडा वास येत असणार.

“जाऊ दे ना, पोरी,” बाबा म्हणाले. “झालं ते झालं. तुह्या मायनं तुह्यासाठीच केलं. आपल्या घरातलं कोणी असं जिल्ह्याच्या गावाले बोलावल्यावर गेलं नाई आजपर्यंत. तू जाय. तथी मोठे लोक येतीन, शिकशीन.”

मला किती जायचं होतं ते मला इथं लिहिता येत नाही. मी मोबाईलवर बुलडाण्याच्या हवेचे आकडेसुद्धा बघून ठेवले होते. तिथं संध्याकाळी गार होतं म्हणतात. शेवटच्या दिवशी सगळ्या मुलींपुढे बोलायला मिळणार होतं, तेही माझं म्हशीला ऐकवून झालं होतं. विषय होता, मी प्रश्न का विचारते.

मी बॅग खुंटीवरून काढली. आईला वाटलं मी काही आणखी भरते आहे. तिनं उठून जागा केली. मी शंकरपाळ्यांचा डबा काढून फळीवर ठेवला, ड्रेस काढून पेटीत ठेवले, बॅगेची घडी केली.

“हे का करून राह्यली?” आई म्हणाली.

मी झुंबरआजीचा डबा उघडला. रवा छान दळलेला होता, पिवळसर, बारीक. आजीनं इतके दिवस कीड लागू नये म्हणून त्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवला होता. मी एकेक पान वेचून बाजूला काढायला लागले. हात कामात असले की मला नीट बोलता येतं, हे मला तेव्हाच समजलं.

“मी शिबिराले जात नाई,” मी म्हटलं. “मी तथी गेली का तुले पुढच्या साली अजून बोला लागन का मशीन चांगली चालते म्हणून. सकाऊन जीप आली का दारात मीच उभी राह्यतो. रुपालीताईले मीच सांगतो, माही सीट रिकामी न्या. पन येतानी तिच्यावर आमची हातमशीन घेऊन या. आडवी नोका ठेवू म्हणाव, दांडा वाकते.”